सबमिटचं बटण कोणी पळवलं?

१

मंगळवारी सकाळी दहाला दहा कमी असताना आमच्या केंद्रात रुपल ओरडली, "काका, आज पण बटण नाही!"

मी धावत गेलो. स्क्रीनवर तिच्या नर्सिंग प्रवेशाचा अर्ज होता. नाव दिसत होतं, पत्ता दिसत होता, बारावीचे मार्क दिसत होते. त्याच्याखाली नुसतं पांढरं. फोटोची चौकट नाही, जिल्ह्यांची यादी नाही आणि सगळ्यात खाली 'सबमिट' लिहिलेलं जे निळं बटण असायला हवं, तेही नाही. बटण नाही म्हणजे अर्ज जाणार नाही. अर्जाची मुदत गुरुवारी दुपारी बारा वाजेपर्यंत होती. ती चुकली की वर्ष फुकट.

मी चंदर, खाडीकाठच्या आमच्या मच्छिमार संस्थेचा सचिव. आवाज मोठा आणि डोकं गरम, ही माझी ख्याती डहाणूपासून घोलवडपर्यंत आहे आणि ती खोटी नाही. संस्थेच्या एका खोलीत आम्ही सहा कॉम्प्युटर मांडून केंद्र चालवतो. दाखले, अर्ज, लायसन्स, सगळं तिथे होतं. इंटरनेट बर्फ कारखान्याच्या छपरावरच्या अँटेनातून येतं आणि टेबलाखालच्या एका काळ्या डब्यातून पुढे जातं. त्या डब्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. कुठल्याही मशीनला बाहेरून काही हवं असेल तर त्याने प्रॉक्सीकडे मागायचं आणि प्रॉक्सीने ते आणून द्यायचं. मला एवढंच माहीत होतं. बाकीचं आमचा ऑपरेटर नयन जाणे.

"दुसरीकडे जाऊन भर की," मी रुपलला म्हणालो.

"नाही उघडत, काका. फॉर्म घेताना जे केंद्र लिहून दिलं तिथूनच उघडतो. मी आपलं लिहिलंय."

मी नयनकडे पाहिलं. तो खाली मान घालून रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होता. दिवाळीत त्याच्या घरच्यांनी रुपलला मागणी घातली होती आणि रुपलने 'मला शिकायचंय' म्हणून नकार दिला होता, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांची पानं पूर्ण उघडत होती. फक्त रुपलचं अर्धं! मी सुतावरून स्वर्ग गाठला.

तसाच तरातरा लिलावाच्या ओट्यावर गेलो, माईक हातात घेतला आणि सगळ्या बायाबापड्यांसमोर गरजलो, "आपल्या केंद्रात एक घरभेदी चोर बसलाय. नकार पचला नाही म्हणून पोरीचं वर्ष बुडवतोय. त्याचं नाव नयन!"

नयन केंद्राच्या दारात उभा होता.  त्याने खिशातून किल्ल्या काढल्या, खिडकीत ठेवल्या आणि निघून गेला. संध्याकाळी कळलं, घोलवडला चिकू पॅकिंगच्या कामाला लागला.

मला वाटलं, संपली कटकट. बुधवारी त्याच्या खुर्चीवर तलासरीकडचा दीपक बसवला. रुपल आली, तिने पान उघडलं, आणि पान पुन्हा अर्धं!

२

"म्हणजे जाताना काहीतरी करून गेलाय," मी कमिटीला सांगितलं. "पुरावा मिळवतो आणि कायमचा काढतो."

पुरावा मिळवायला तलासरीहून पुष्पाला बोलावलं. अच्छाडच्या ढाब्यांची बिलाची मशिनं असोत की शाळांचे कॉम्प्युटर, नेटवर्क बिघडलं की लोक पुष्पाला फोन करतात. वय पस्तिशीचं. बोलणं कमी, डोळे बारीक. गुरुवारी सकाळी नऊला येणार होती, ती आली दहा वाजून वीस मिनिटांनी.

"हायवेवर ट्रकांची रांग होती," हेल्मेट काढत ती म्हणाली. "मुदत किती वाजेपर्यंत?"

"बारा!"

"पोरगी कुठेय?"

"डहाणूला पाठवलीय. मला वाटलं तिचा फोटो जड असेल, म्हणून नवीन हलका फोटो काढून आण म्हटलं."

पुष्पाने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच सल्ला जड वाटायला लागला. मग तिने सहाही मशिनं चालू केली आणि भराभर पानं उघडली. सातबारा, रेल्वे, बँक, नर्सिंगच्या वेबसाइटचं पहिलं पान. सगळी पूर्ण! खालपर्यंत, चित्रांसकट.

"चोरी कुठे झालीय, काका? घर तर भरलेलं दिसतंय."

"तेच तर! फक्त रुपलच्या वेळी होतं. तिने नयनला लग्नाला नकार दिलाय. म्हणजे माणसाचंच काम."

"बघू." ती दीपककडे वळली. "काल तू खुर्चीवर होतास. तू काही बदललंस?"

दीपकला घाम फुटला. नयनची खुर्ची त्याला मिळाली होती, त्यामुळे संशय आपल्यावर येऊ शकतो हे त्याला कळत होतं. "शपथ घेतो ताई, मी डब्याला हात नाय लावला. लावणार कसा? आतलं बदलायचा पासवर्ड एकट्या नयनलाच ठावं. मला नुसतं बघता येते."

"काका, अर्ध्या पानाचा फोटोबिटो काढला होतात?"

मी अभिमानाने तीन कागद पुढे केले. सोमवारचा प्रिंट रुपलने काढून ठेवला होता आणि पुरावा म्हणून मंगळवार-बुधवारचे मी काढायला लावले होते. पुष्पाने ते शेजारी शेजारी ठेवले आणि खुदकन हसली.

"नीट बघा. सोमवारी फोटोची चौकट आहे, बटण नाही. मंगळवारी चौकटही नाही आणि जिल्ह्यांची यादीही नाही. बुधवारी यादी आलीय, पण वरचं बोधचिन्ह गायब आहे."

"मग?"

"मग हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. ज्याला बटण पळवायचंय तो रोज फक्त बटण पळवील. बोधचिन्ह नेऊन त्याला काय मिळणार? इथे जे वाट्याला आलं ते आलं, उरलं ते उरलं."

मला हे आवडलं नाही. पण मुद्दा खोडता येईना.

तिने रजिस्टर ओढलं. नयनची सवय अशी की कोण आलं, कधी आलं, काय काम, सगळं लिहायचा. दीपकनेही तेच चालू ठेवलं होतं. 'पान अर्धं' असा शेरा चार ठिकाणी होता. सोमवार, नऊ पाच, रुपल. मंगळवार, नऊ पन्नास, रुपल. बुधवार, दहा पस्तीस, रुपल. पण मंगळवारीच नऊ पंचावन्नला आणखी एक नाव होतं.

"हा पांड्या कोण?"

"बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर," दीपक म्हणाला. "लायसनची तारीख घ्यायला आलता, असं नयननं लिवलंय. त्याचं पण पान अर्धंच आलतं."

पुष्पाने बोट त्या ओळीवर ठेवलं. "काका, नयनला पांड्याशी पण लग्न करायचं होतं का?"

३

पावणेअकरा वाजले होते. पुष्पा म्हणाली, "पोरीच्या आईला भेटायचंय." मी तिला बंदरावर नेलं.

भरतीचं पाणी वर चढत होतं. बोटी खाडीच्या तोंडाशी दिसायला लागल्या होत्या आणि ओट्यावर बाया पाट्या मांडून तयार होत्या. मालू, रुपलची आई, पदर खोचून सगळ्यांत पुढे उभी होती. पुष्पाने फोन काढून पाहिला आणि परत ठेवला.

"इथे रेंज नाही?"

"खाडीत शिरलं की फोन मुका," मी म्हणालो. "वर रस्त्यावर, केंद्रापाशी गेल्याशिवाय दांडी दिसत नाही."

मालू माझ्यावरच सुटली. "चंदरभाव, आज माज्या पोरीचा फारम गेला नाय ना, तर तुमचा तो केंद्र मी खाडीत लोटीन! आन् तो नयन दिसला तर पाटी उपडी करीन त्याच्या डोकीवर."

"मावशी," पुष्पा शांतपणे म्हणाली, "रुपल केंद्रात रोज कोणत्या वेळी जाते?"

"येल कसली? बोटी लागल्या का माज्यासंगं पाट्या उतरवते. मी लिलावाला बसली का ती मोकली. मंग पलत जाते."

"सकाळी आधी का नाही जात?"

"सकालपारी सुकटीचा काम कोन करील? तिचा बाप?"

एवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली आणि रुपल उतरली, हातात फोटोचा पेनड्राइव्ह घेऊन. धावतच आली. पुष्पाने तिला बाजूला घेतलं, पण मी कान तिकडेच लावले होते.

"खरं सांग. नयनने मुद्दाम केलं असेल?"

रुपलचे डोळे भरले. "ताई, या फॉर्मची खबर मला नयननेच दिली. नकार दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाला, शिकायचंय ना, मग नीट शीक, कागद मी बघतो. सोमवारी पान अर्धं आलं तेव्हा तो जेवला पण नाही. मी मंगळवारी काकांना सांगायला गेले, तोवर काकांनी माईक घेतला होता."

मी काही विचारायला तिच्याजवळ गेलो. पण वेळ नव्हता. अकरा वाजून गेले होते. आम्ही तिघं केंद्राकडे धावलो.

रुपलने पान उघडलं. नाव आलं. पत्ता आला. मार्क आले.

आणि पान थांबलं.

४

"पुन्हा उघड," पुष्पा म्हणाली. आता चौकट आली, पण यादी गेली. पुन्हा उघडलं, यादी आली आणि चौकट गेली. बटण एकदाही नाही. तासाभरापूर्वी याच मशीनवर सगळी पानं पूर्ण उघडत होती! भिंतीवर अकरा वीस झाले होते.

पुष्पा स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती रजिस्टरकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मग एकदम खुर्ची मागे सारून ती उभी राहिली.

"नऊ पाच. नऊ पन्नास. दहा पस्तीस. आणि आज अकरा वीस. रोज पंचेचाळीस मिनिटं पुढे! काका, मी डोंगराकडची बाई. तुम्ही सांगा. तुमच्याकडे असं काय आहे जे रोज पाऊण तास पुढे सरकतं?"

हा काय प्रश्न झाला? आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल!

"भरती!" मी छाती फुगवून म्हणालो. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा आणि आज पौर्णिमा, म्हणजे सव्वाअकरा. आमचे आजे असंच—"

आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सोमवार द्वादशी होती. मंगळवार त्रयोदशी.

"पण पाण्याचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध?" दीपक म्हणाला.

"पाण्याचा नाही. पाण्याबरोबर काय येतं?" पुष्पाने खिडकी उघडली. एकामागून एक बोटी आत शिरत होत्या. "ओहोटीला खाडीत बोट येऊच शकत नाही, बरोबर? सगळ्या भरतीवर येतात. आणि रुपलही बोटी लागल्यावरच मोकळी होते. म्हणून चोर आणि रुपल रोज एकाच वेळी इथे पोचतात. बाकीची गिऱ्हाइकं वाचतात, कारण तेव्हा सगळा पाडा बंदरावर असतो. पांड्या बिचारा चुकून सापडला."

"पण चोर कोण?" मी ओरडलो.

त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन वाजला. माझा मुलगा मुकेश, तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान आहे, चार दिवस समुद्रात होता. त्याचा नेहमीचा एका शब्दाचा मेसेज आला होता, 'आलो'. बोट खाडीत शिरली की पाठवतो. त्याची आई तोवर घास घेत नाही.

पुष्पाने हात पुढे केला आणि मेसेज वाचला.

"मुकेश आत्ता कुठे आहे?"

"तो काय, ती निळी बोट."

"खाडीत फोन मुका होतो म्हणालात. मग हा बोलला कसा?"

मी तिच्या हातातून फोन परत घेतला.  उत्तर मला माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी बायकोची तगमग बघवेना म्हणून छपरावरच्या अँटेनाच्या वायफायचा पासवर्ड मीच मुकेशला दिला होता. केंद्रासाठीच वापरायचा, बाहेर कोणाला द्यायचा नाही, हा नियमही माझाच. भिंतीवर माझ्या सहीने लावलेला.

"एकट्या मुकेशला दिला," मी कसाबसा म्हणालो.

"दीपक, डब्याला या घडीला किती जोडलेत बघ."

दीपकने पाहिलं आणि शिट्टीच वाजवली. "दोनशे चौदा फोन!"

एका खलाशाला दिलेला पासवर्ड बंदरभर होणार नाही, असं वाटणारा मी एकटाच शहाणा.

"आता ऐका," पुष्पा म्हणाली. "पान दिसतं एक, पण येतं तुकड्यांनी. अक्षरं वेगळी, चौकट वेगळी, यादी वेगळी, बटण वेगळं. साठ-सत्तर तुकडे, प्रत्येकासाठी प्रॉक्सीकडे वेगळी मागणी. हा डबा सहा मशिनांच्या हिशोबाने बसवलाय. एका वेळी ठराविकच मागण्या घेतो, जास्त झाल्या की सरळ नाही म्हणतो. चार दिवस समुद्रात असलेले फोन खाडीत शिरताच सगळे एकदम जागे होतात. चार दिवसांचे फोटो, व्हिडिओ, हळदीचे नाच, सगळं एकदम मागतात. त्या गर्दीत रुपलच्या पानाचे पहिले तुकडे आत येतात आणि शेवटचे दारातच राहतात. बटण सगळ्यात शेवटी असतं."

मी घड्याळ पाहिलं. अकरा सत्तावीस.

५

"मग काढून टाक ना सगळे फोन!"

"अँटेना बंद केला तर इंटरनेटही जाईल, ते त्याच्यातूनच येतं. डबा पुसून नव्याने बसवायला दीड तास लागेल. आतल्या सेटिंगमध्ये दोन ओळी बदलल्या तर दोन मिनिटांचं काम. पण त्याचा पासवर्ड..."

"नयनला ठावं," दीपक म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रुपलने आपला फोन काढला. "मी लावते काका, माझा उचलेल."

क्षणभर मोह झाला. मग मी संस्थेच्या लँडलाइनचा रिसीव्हर उचलला. "नाही. घाण मी केलीय."

पहिल्यांदा त्याने कट केला. दुसऱ्यांदाही केला. अकरा चौतीस! तिसऱ्यांदा उचलला. मागे चिकूच्या खोक्यांना टेप लावल्याचा चर्रचर्र आवाज येत होता.

"बोला काका. पुरावा सापडला काय?"

"सापडला."

"मग? कोण निघालं?"

सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात मला शब्द कमी पडले नव्हते. त्या दिवशी एक अक्षर बाहेर काढायला घाम फुटला.

"मी."

टेपचा आवाज थांबला. मी भडाभडा सगळं सांगितलं. वायफाय, मुकेश, भरती, दोनशे चौदा फोन. माफी मागायला तोंड उघडलं तर तो मध्येच म्हणाला, "ते मागाहून बघू. रुपलचा फॉर्म गेला काय?"

"नाही रे! त्यासाठीच—"

"मग बोलताय काय? ताईंना द्या फोन!"

पुष्पाने रिसीव्हर कानाला लावला. तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. पहिल्यांदा पासवर्ड चुकला. रुपलने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. दुसऱ्यांदा आत गेली. केंद्राच्या सहा मशिनांना आधी वाट, बाकी सगळ्यांना मागून. मग डबा बंद करून चालू केला. हिरवे दिवे विझले. एक मिनिट. दोन मिनिटं. अकरा सत्तेचाळीसला दिवे लागले.

रुपलने पान उघडलं. नाव, पत्ता, मार्क. चौकट. यादी.

बटण! निळं, रुंद, खणखणीत बटण!

"थांब," पुष्पा म्हणाली. "घाई नको. आधी फोटो लाव." नवा हलका फोटो लागला. रुपलने जिल्हा निवडला, एकदा सगळं वाचलं आणि बटण दाबलं. गोल फिरायला लागलं. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलेलो नाही. अकरा त्रेपन्नला पावती आली, अर्ज क्रमांकासकट.

रुपलने किंचाळून पुष्पाला मिठी मारली. दीपक टेबलावर चढून नाचला. फोन अजून चालूच होता, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मी रिसीव्हर कानाला लावला.

"गेला रे, नयन! गेला!"

"ऐकलं," तो म्हणाला.  "बरं झालं."

"तू उद्यापासून कामावर ये. मी चुकलो. माफ कर."

मागे टेपचा चर्रचर्र आवाज पुन्हा सुरू झाला. "काका, तुम्ही मला चोर म्हटलं ते फोनवर नव्हतं म्हटलं."

६

शुक्रवारी भरती दुपारी होती. बोटी लागल्या, पाट्या उतरल्या, ओटा माणसांनी भरला. मागच्या बाजूला बर्फाच्या गाडीला टेकून नयन उभा होता. रुपलने त्याला घोलवडहून बोलावून आणलं होतं. मालू त्याच्याकडे बघायचं टाळत पाटीतले बोंबील उगाच इकडचे तिकडे करत होती.

मी माईक घेतला. रात्रभर भाषण पाठ केलं होतं.

"बंधुभगिनींनो," मी सुरुवात केली, "गेल्या मंगळवारी काही तांत्रिक कारणांमुळे एक गैरसमज निर्माण झाला. प्रॉक्सी सर्व्हर ही गुंतागुंतीची वस्तू असते. एका वेळी जास्त मागण्या आल्या की भल्याभल्यांना कळत नाही. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याचा असाच समज झाला असता. तरी नयनबाबत जे काही बोललं गेलं, त्याबद्दल संस्थेच्या वतीने दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे."

बरं वाटलं. चांगलं बोललो होतो. पण कोणी मान हलवली नाही. बाया एकमेकींकडे बघत होत्या.

"चंदरभाव," मालू ओरडली, "तुमचा भोंगा बंद हाय! काय पुटपुटता ते इथवर येत नाय!"

सगळा ओटा हसला. मी खाली पाहिलं. माईकची वायर निघाली होती. दीपकने पळत येऊन ती खोचली आणि भोंग्यातून माझा श्वास सगळ्या बंदरभर ऐकू आला.

आता तेच भाषण परत म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि 'बंधुभगिनींनो' बाहेर येईना. गाडीला टेकलेला नयन माझ्याकडेच बघत होता. त्याच्या बोटांना चिकूचा चीक लागून काळे डाग पडले होते. केंद्रात बसणाऱ्या पोराची बोटं तीन दिवसांत तशी झाली होती.

"नयनने काही केलं नव्हतं," मी म्हणालो. "पासवर्ड मी बाहेर दिला. पान माझ्यामुळे अर्धं येत होतं. आणि न विचारता मी त्याला इथे उभं राहून चोर म्हटलं. नयन, मला माफ कर."

कोणी हसलं नाही. नयन गाडीपासून सरळ झाला, गर्दीतून वाट काढत ओट्यापाशी आला आणि त्याने हात पुढे केला. मला वाटलं हात मिळवायचा आहे.

"किल्ल्या द्या," तो म्हणाला. "केंद्र उघडायला उशीर झालाय."